'१ला' तुम्ही 'एकला' का वाचत नाही?

पुण्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

"मी टेस्टिंगमध्ये काम करते. क्लायंट जपानी, म्हणून तीन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गाला जायला लागले. जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ आणि एन-४ या पायऱ्या निघाल्या. डिसेंबरला एन-३ द्यायची आहे आणि कांजीपाशी (चीनमधून आलेली, जपानी लिपीतली चिन्हं) गाडी अडली आहे. माझी एक वही आहे. तिला चार रकाने: चिन्ह, अर्थ, ओन वाचन, कुन वाचन. साडेतीनशे चिन्हं लिहून झाली. सकाळी डबे भरता भरता पाठ म्हणते. तरी मागच्या आठवड्यात मेलमध्ये तीन कांजींचा एक शब्द आला. तिन्ही कांजी मला येत होत्या. मी ऐटीत वाचलं, 'तान्सेइनिचि'. शेजारची ज्युनिअर हळूच म्हणाली, 'मॅडम, तान्जोऽबि.' म्हणजे वाढदिवस! हा शब्द मला पहिल्या महिन्यापासून तोंडपाठ आहे. मग इतके दिवस मी नक्की काय पाठ केलं? प्रत्येक कांजीची सगळी वाचनं घोकायची का? कुठे कुठलं वाचन लावायचं हे कळतं कसं? एन-३ ला ६५० कांजी लागतात म्हणे. मी एक्केचाळीस वर्षांची आहे, आता हे डोक्यात शिरेल का? ता. क. क्लायंटकडच्या लोकांची आडनावं तर मी कधीच बरोबर वाचत नाही. त्यावर काही उपाय?"

ताई, आधी एक कागद घ्या आणि त्यावर १ हा आकडा काढा. काय वाचलंत? एक. आता त्याच्यापुढे 'ला' लिहा. '१ला' तुम्ही 'एकला' वाचला नाहीत, 'पहिला' वाचलात. आता १५० लिहा. दुकानदाराने हा आकडा दाखवला तर तुमच्या तोंडून 'दीडशे' निघेल, आणि त्या शब्दात 'एक'ही ऐकू येत नाही आणि 'पन्नास'ही नाही. चिन्ह तेच, वाचनं तीन. शाळेत कुणी तुमच्याकडून '१ : एक, पहि-, दीड' असं घोकून घेतलं होतं का? नाही ना? 'पहिला' आणि 'दीडशे' हे शब्द तुम्हाला आधीच येत होते, आकडा नंतर येऊन त्यांना चिकटला.

कांजीचंही असंच आहे. चिन्ह अर्थाचं असतं आणि उच्चार शब्दाचा. तुमच्या वहीत शब्दाला रकानाच नाही.

ओन आणि कुन ही भानगडसुद्धा मराठी माणसाला नवी नाही. तहान लागली की आपण 'पाणी' मागतो, पण पोहायला जातो तिथल्या पाटीवर 'जलतरण तलाव' असतं. 'पाणीतरण' कुणी म्हणत नाही आणि 'एक ग्लास जल द्या' म्हणणारा माणूस नाटकातून पळून आलेला वाटतो. पाण्याची कांजी एकटी असली की 'मिझु', जोडशब्दात गेली की बहुतेकदा 'सुइ'. पोहणं म्हणजे 'सुइएइ': पहिलं चिन्ह पाण्याचं, दुसरं पोहण्याचं. शब्दशः जलतरण. 'मिझु' हा जपान्यांचा घरचा शब्द, ते कुन वाचन. 'सुइ' चिन्हाबरोबर चीनमधून आला, ते ओन वाचन. आपल्याकडे झाड आणि वृक्षारोपण, डोळा आणि नेत्रदान, घर आणि गृहपाठ. हिशेब तोच.

यातून निघणारा ढोबळ नियम वर्गात सांगितला असेलच: कांजी एकटी असेल किंवा मागे हिरागानाचं, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या साध्या जपानी अक्षरांचं, शेपूट असेल तर कुन, दोन-तीन कांजी खेटून असतील तर ओन. नियम चांगला आहे, पण त्याच्यावर घर बांधू नका. आपण 'पाणीपट्टी' म्हणतोच की, 'जलपट्टी' नाही. पोहण्याचा पोशाख जपानीत 'मिझुगि' होतो, कुन अधिक कुन. एक ओन आणि एक कुन अशी खिचडीही असते, जसं आपण फारसी-अरबीतून आलेल्या जिल्ह्याला संस्कृत अधिकारी जोडून 'जिल्हाधिकारी' केला, तोही संधी करून.

आता तुम्हाला ज्या कांजीने तोंडघशी पाडलं तिच्याकडे येऊ, कारण सगळ्या खोड्या त्या एकीतच आहेत. 'तान्जोऽबि'मधलं मधलं चिन्ह. डावीकडे छोटी तिरकी रेघ, तीन आडव्या, मधून एक उभी. पाच रेघांचा खेळ. मुळात ते जमिनीतून वर आलेल्या कोंबाचं चित्र आहे. तुमच्या वहीत तिच्यापुढे 'लाइफ' लिहिलेलं असणार, नाही का? बहुतेक कार्डांवर तेच असतं. ते खोडा. तोक्योत माझ्या पहिल्या वर्षी इमारतीच्या खाली कचऱ्याच्या पेटीवर हे चिन्ह आणि पुढे 'गोमि' म्हणजे कचरा असं लिहिलेलं होतं. मी हातात पिशवी धरून 'जीवन-कचरा' म्हणजे काय यावर चिंतन करत उभी. तो 'नामागोमि' होता, आपला साधा ओला कचरा. कच्च्या अंड्याला 'नामा तामागो', थेट प्रक्षेपणाला 'नामा होऽसोऽ', पिंपातून थेट ओतलेल्या बिअरला 'नामा बीरु'. (ऽ दिसला की स्वर लांबवायचा.) 'लाइफ' धरून बसलात तर यातलं काहीच लागत नाही. जमिनीतून आत्ताच वर आलेला, ओला, कच्चा, जिवंत कोंब डोळ्यासमोर आणा, मग जन्मणं, जगणं, उगवणं, कच्चं असणं हे सगळं एका गोत्रातलं वाटायला लागतं.

जपान सरकारच्या नेहमीच्या वापराच्या कांजींच्या यादीत, म्हणजे जोऽयोऽ कांजीत, या एका चिन्हाची बारा वाचनं नोंदलेली आहेत. दोन ओन, दहा कुन. रकान्यात लिहिली की छातीत धडकी भरते. पण दहातली आठ कुन वाचनं क्रियापदांची आहेत आणि ती ओळखायला शेपूट असतं. चिन्हापुढे 'मारेरु' असेल तर 'उमारेरु', जन्माला येणं. 'किरु' असेल तर 'इकिरु', जगणं. 'एरु' असेल तर 'हाएरु', उगवणं. बाळाला दात येतात तेव्हा 'हा गा हाएरु', दाढी राखतात तेव्हा 'हिगे ओ हायासु'. शेपूट काय सांगतं? '१ला'मधला 'ला' जे सांगतो तेच. डोकं तेच राहतं आणि शेपटावरून डोक्याचा उच्चार कळतो. शेपूट नसेल आणि चिन्ह एकटंच असेल तर बहुतेकदा 'नामा'. संपलं. उरलेलं एक 'कि' हे वाचन, कच्च्या रेशमाला 'किइतो' म्हणतात त्यातलं, डिसेंबरपर्यंत विसरून जा.

ओन वाचनं दोन: 'सेइ' आणि 'शोऽ'. दोन का? तर एकच चिनी शब्द जपानात दोन वेगवेगळ्या खेपांना उतरला. आधीची खेप 'गो-ओन', तिचे उच्चार बौद्ध शब्दांत फार टिकले. नंतरची 'कान-ओन', थांग राजवटीच्या काळात जपानचे राजदूत आणि विद्यार्थी छांगआन राजधानीला जाऊन आले, तेव्हा तिथला ताजा उच्चार घेऊन आले. जुना टाकला नाही आणि नवाही ठेवला. आपणही टाकत नाही. पोर्तुगिजांकडून 'इस्पितळ' घेतलं, पुढे इंग्रजांकडून 'हॉस्पिटल' घेतलं, दोन्ही वापरतो. 'शोऽ' हे इस्पितळ आणि 'सेइ' हे हॉस्पिटल. 'गाकुसेइ' विद्यार्थी, 'सेइकात्सु' रोजचं जगणं, 'जिन्सेइ' आयुष्य. आणि 'सेन्सेइ', म्हणजे चिन्हांप्रमाणे 'आधी जन्मलेला'. या हिशेबाने माझ्या वर्गातली बरीच मंडळी माझी सेन्सेइ ठरतात, ते सोडा. 'शोऽ' मात्र 'इश्शोऽ'मध्ये भेटतो, म्हणजे जन्मभर. 'इचि' अधिक 'शोऽ', झालं 'इश्शोऽ'. 'गाकु' अधिक 'कोऽ', झालं 'गाक्कोऽ', शाळा. ही तर संधी झाली हो, सत् अधिक जन सज्जन. नववी-दहावीत रडत रडत केलेलं व्याकरण कुठे कामी येईल सांगता येत नाही.

म्हणजे तुमचा 'तान्सेइनिचि' कुठून आला ते बघा. 'शोऽ'चा 'जोऽ' झाला होता, कारण जोडशब्दात पुढचं व्यंजन असं अनेकदा मऊ होतं. आणि शेवटचं चिन्ह दिवसाचं, ते एकटं 'हि', शब्दाच्या शेपटाला मऊ होऊन 'बि'. 'निचियोऽबि', रविवार, हा शब्द काढून बघा: पहिलं आणि शेवटचं चिन्ह एकच आहे, एकदा 'निचि' आणि एकदा 'बि'. एकाच शब्दात दोन उच्चार. जपानी माणसाला हे खटकत नाही, कारण तो चिन्हं जोडून शब्द बनवत नाही. त्याला अख्खा शब्द दिसतो.

दीडशेचं राहिलंच. 'आत्ता' आणि 'दिवस' अशी दोन चिन्हं शेजारी आली की वाचायचं 'क्योऽ', आज. यातला 'क्यो' कुठल्या चिन्हाचा, हे विचारू नका. दीडशेतला पन्नास शोधण्यासारखं आहे ते. तीच दोन चिन्हं भारदस्त लेखनात 'कोन्निचि' अशीही वाचतात, आणि 'कोन्निचिवा', म्हणजे नमस्कार, त्यातूनच आलं. असे शब्द मोजके आहेत. ते अख्खे गिळायचे, चावायचे नाहीत.

आता वहीचं. ती फेकू नका, साडेतीनशे चिन्हं ओळखू येणं ही कमाई आहे. नवीन वही घाला. या चिन्हाच्या पानावर वरती चिन्ह मोठं काढा आणि खाली फक्त पाच शब्द लिहा, सगळे तुमच्या कानावरून गेलेले: सेन्सेइ, गाकुसेइ, तान्जोऽबि, उमारेरु, नामा. प्रत्येकाला एक वाक्य, ते पुस्तकातलं नको, तुमच्या घरातलं हवं. 'मुसुमे वा रोकुगात्सु नि उमारेमाशिता', मुलगी जूनमध्ये जन्मली. 'नामा तामागो वा ताबेमासेन', कच्चं अंडं मी खात नाही. (पहिल्याच टीम डिनरला उपयोगी पडेल.) पुढे कुठे 'इश्शोऽ' भेटला की त्याच पानावर येऊन सहावी ओळ लिहा. वाचनांची यादी आपोआप तयार होईल, आणि प्रत्येक वाचनाला राहायला एक घर असेल. फोनवर अंकीसारखं ॲप वापरत असाल तर तिथेही तेच करा. कार्डाच्या पुढच्या बाजूला सुटी कांजी ठेवू नका, वाक्यातला शब्द ठेवा.

आणि नवीन वहीत उच्चार देवनागरीत लिहायचे नाहीत. मी इथे लिहितेय ती सोय आहे, तुम्ही हिरागानातच लिहा. देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ 'ओ'ला वेगळी अक्षरं नाहीत, आणि ऽ लिहायचा राहूनच जातो, त्यामुळे 'इथे' या अर्थाचा 'कोको' आणि दहावी ते बारावीच्या शाळेचा 'कोऽकोऽ' आपल्या वहीत जुळे भाऊ होऊन बसतात, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात. आपल्याला एक गोष्ट मात्र फुकट मिळाली आहे. 'त्सु' म्हणताना बाकीच्यांची जीभ अडखळते, आपण 'चूल' म्हणतो तोच च.

अजून एक चोरवाट सांगते. पुष्कळ कांज्या दोन भागांच्या असतात, एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो, दुसरा उच्चाराकडे. आपला कोंब बऱ्याच ठिकाणी उच्चाराचा भाग म्हणून बसलेला दिसेल. शेजारी मन ठेवा: स्वभाव, गुणधर्म, वाचन 'सेइ'. 'जोसेइ' म्हणजे स्त्री, त्यातला. शेजारी बाई ठेवा: आडनाव, 'सेइ'. डोक्यावर सूर्य ठेवा: तारा, कुन वाचन 'होशि', पण मंगळ ग्रह 'कासेइ'. शेजारी गाय-बैल ठेवा: बळी या अर्थाच्या 'गिसेइ'मधला 'सेइ'. एक कोंब ओळखला की चार दारं उघडली. सगळीकडे हे चालत नाही. देवळाचं चिन्ह 'जि', ते सूर्याशेजारी गेलं की वेळ, तेही 'जि'. पण तेच थांबण्याच्या चिन्हात शिरलं की 'ताइ'. तरी अंदाज बांधायला आधार होतो, आणि कोरी पाटी घेऊन बसण्यापेक्षा बरं.

हाताने लिहायचं का? एन-३ मध्ये लिहावं लागत नाही, सगळे पर्यायी प्रश्न असतात. पण 'थांबणं' आणि 'हातात धरणं' या दोन कांज्यांमध्ये फरक फक्त डाव्या बाजूचा आहे, घ आणि ध सारखा. अशा जोड्या पाच-सहा वेळा हाताने काढा. बाकीच्यांसाठी बोटं झिजवू नका. जपानी लोकही फोनवर उच्चार टाइप करून समोर आलेल्या पर्यायांतून चिन्ह निवडतात, आणि लिहायची वेळ आली की डोकं खाजवतात.

६५० चा आकडा मनातून काढा. ही परीक्षा १९८४ पासून आहे, पण २०१० मध्ये तिचे पाच स्तर झाल्यापासून कांजींची अधिकृत यादी निघत नाही. बाजारातले आकडे अंदाजाचे आहेत. प्रश्नांचा साचा मात्र पक्का आहे: वाक्य दिलेलं, एक शब्द अधोरेखित, त्याचं वाचन किंवा लेखन निवडा. 'या कांजीची ओन वाचनं सांगा' असा प्रश्न तिथे कधीच येत नाही. तो फक्त आपल्या वर्गांत येतो, कारण तपासायला सोपा.

वयाचं म्हणाल तर सहा वर्षांचं जपानी पोर एप्रिलमध्ये शाळेत जातं आणि वर्षभरात ८० कांजी शिकतं. आपला कोंब त्यातच असतो. प्राथमिक शाळेची सहा वर्षं मिळून १०२६, आणि जोऽयोऽ यादी २१३६ ची. पोर भराभर शिकतं कारण शाळेत जायच्या आधी त्याने सहा 'तान्जोऽबि' साजरे केलेले असतात, कच्चं अंडं भातावर घालून खाल्लेलं असतं, गवत उगवलेलं बघितलेलं असतं. शब्द घरून नेतं, शाळेत फक्त चिन्ह मिळतं. तुमच्याकडेही तीन वर्षांचे शब्द आहेत. ज्युनिअरने उच्चारल्याबरोबर 'तान्जोऽबि' तुम्हाला कळलाच की नाही? डिसेंबरचा फॉर्म भरा. साडेतीनशे पानं एकदम नवी करायला जाऊ नका, रोज तीन पुरेत, आणि डबे भरताना पाठांतर करण्याऐवजी तीन वाक्यं मोठ्याने म्हणा.

राहिली आडनावं. तिथे उपाय नाही. आपल्या कोंबाआधी पंखाची किंवा पिसाची कांजी लावली की एक आडनाव होतं. २०१४ आणि २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा स्केटर युझुरु ते 'हान्यूऽ' असं लावतो. १९९६ मध्ये शोऽगिचे (जपानी बुद्धिबळाचे) सातही किताब एकाच वेळी हातात असलेला योशिहारु तीच दोन चिन्हं 'हाबु' अशी लावतो. तुमच्या बारा वाचनांच्या यादीत 'न्यूऽ'ही नाही आणि 'बु'ही नाही. नावापुरती ही मोकळीक असते, आणि जपानी माणूससुद्धा नवीन माणसाचं व्हिजिटिंग कार्ड हातात आलं की बेधडक विचारतो: 'नान तो ओयोमि शिमासु का?' कसं वाचायचं? पुढच्या कॉलला तुम्हीही विचारा, आणि उत्तर आलं की लगेच त्या नावावर हिरागानात लिहून ठेवा. दुसऱ्यांदा विचारलेलं मात्र त्यांना आवडत नाही.